सात अक्षरांची जागा

धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते यंत्र आलं, त्या दिवसापासून आई दिवसातून तीन-चार वेळा दार उघडायला उठू लागली. यंत्राचा आवाजच तसा होता. कागदी पट्टी त्याच्या पाच सुयांवरून सरकू लागली की बाहेरून कोणीतरी कडी वाजवतंय असं वाटायचं. आई भाकरी थापत असो की तांदूळ निवडत असो, हात झटकून उठायची, "कोन उना?" म्हणत दारापर्यंत जायची आणि ओट्यावर कोणी नाही हे बघून परत यायची. मी म्हणायचो, "माय, मशीन शे." ती मान डोलवायची. पुढच्या वेळी पुन्हा उठायची.

ती कोणाची वाट बघत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला होता आणि पाच वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. तो येणार नाही, हे मात्र दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि माझ्या बायकोला.

यंत्र घरात आणण्याचं कारण माझी मुलगी. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, ती सातवीत होती. तिच्या शाळेत कॉम्प्युटर आला. एकच. त्याला वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, खाली गालिचा आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. नारळ फुटला, पडद्याच्या काचेला हळदकुंकू लागलं. मुली रांगेनं जायच्या आणि लांबून दर्शन घेऊन यायच्या. आमच्या या सातवीतल्या बाईसाहेब घरी येऊन विचारत्या झाल्या, "आबा, त्याच्या आत काय असतं?"

"तुमच्या सरांना विचार."

"विचारलं. सर म्हणाले, हात लावू नका."

मला असल्या उत्तरांची चीड आहे. ज्याला येत नाही तोच हात लावू देत नाही, हे मी नोकरीत पुष्कळ बघितलं होतं. मी तारघरात ऑपरेटर होतो. आमच्याकडे तेव्हा जुनी यंत्रं जाऊन टीव्हीसारखा पडदा असलेली नवी यायला लागली होती आणि ज्या यंत्रांवर आमची बोटं झिजली ती भंगारात निघाली होती. जळगावच्या एका भंगारवाल्याच्या गोदामात तसली दोन यंत्रं पडून आहेत असं कळलं. एक पट्टीवर भोकं पाडणारं आणि दुसरं, लहानसं, ती भोकं वाचणारं. रविवारी जाऊन मी दोन्ही घेऊन आलो. एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "शिवनयंत्र शे का भाऊ?"

"नही. कॉम्प्युटर शे," मी म्हणालो. अख्खी गाडी हसली. पारोळा जाईपर्यंत लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते.

पण मी थट्टा केली नव्हती. एक सुट्टी तेल घालण्यात आणि गंज खरवडण्यात घालवली, मग मुलीला समोर बसवलं. बोटभर रुंदीची कागदी पट्टी. तिच्यावर आडव्या रांगेत पाच भोकांची जागा. भोक असेल तर वाचणाऱ्या यंत्राची सुई वर येते, नसेल तर कागदाला टेकून खालीच राहते. बस, एवढंच त्याला कळतं. आहे किंवा नाही. आमच्या बोलीत शे किंवा नही. मुलीनं ते लगेच उचललं. ए म्हणजे शे, शे, नही, नही, नही. टी म्हणजे चार वेळा नही आणि शेवटी एक शे. ती अंगणात लंगडी घालताना ही अक्षरं म्हणायची. पाच जागांत एकूण बत्तीस तऱ्हा होतात हे तिनं वहीत मांडून स्वतः शोधलं आणि मला असं सांगायला आली जणू मला ते माहीतच नव्हतं. मीही माहीत नसल्यासारखा चेहरा केला.

"शाळेतल्या कॉम्प्युटरमध्ये हेच आहे," मी तिला सांगितलं. "फक्त तिथं भोकं दिसत नाहीत."

"मग 'नही' हे पण उत्तर आहे?"

"हो. रिकामी जागा हाही निरोपच. आणि तिसरं उत्तर यंत्राला नसतं. बहुतेक, बघू, नंतर सांगतो, असलं काही त्याला येत नाही."

हे बोलताना आई मागे बसून गहू निवडत होती. मला तेव्हा काही वाटलं नाही. आपण काय बोलतोय याची लाज माणसाला फार उशिरा वाटते.

आईलाही यंत्राचं कौतुक होतं. "येडी मशीन शे," म्हणायची, "पन खोटं नही बोलत." एके दिवशी नातीला म्हणाली, माझं एक वाक्य पाड. मुलीनं विचारलं, काय पाडू? आई म्हणाली, "मना आंडोर सुरतमा शे." आंडोर म्हणजे मुलगा. मुलीनं इंग्रजी अक्षरांत ते ठोकलं आणि वहीतही उतरवलं. ती वही शाळेत इंग्रजीच्या सरांच्या हाती पडली. शेवटचा शब्द इंग्रजी अक्षरांत शे म्हणजे SHE. सरांनी विचारलं, ही 'शी' कोण? पोरगी घरी येऊन हसून हसून लोळली. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण नात हसते म्हणून तीही हसली. ती पट्टी तिनं देव्हाऱ्यात कुलदेवीच्या टाकाशेजारी ठेवली आणि रोज तिला हळदकुंकू लावू लागली.

आता पाच वर्षांपूर्वीचं सांगतो. वडील जाऊन चार महिने झाले होते. आई तेव्हा साक्रीकडच्या आमच्या खेड्यात होती, अन्नावरून मन उडालेलं, अंगावर हाडं राहिलेली. मी धुळ्यात नोकरीवर. सुरतेकडच्या तारा आमच्या यंत्रावर भोकांच्या पट्टीवर उतरायच्या आणि तीच पट्टी पुढच्या यंत्रात घालून आम्ही त्या तालुक्यांना पाठवायचो. वाचायची गरज नसायची, पण इतक्या वर्षांत डोळे आपोआप भोकं वाचतात. त्या दिवशी सकाळी पट्टी बाहेर येत होती आणि मी माझ्याच खेड्याचं नाव वाचलं. मग आईचं नाव. मग YOUR SON. पुढचा शब्द यंत्रातून अक्षर-अक्षर करत बाहेर आला. सात अक्षरांचा, EXPIRED. कावीळ झाली होती, ते मला सुरतेला गेल्यावर समजलं.

तार मी पुढे पाठवली नाही. मुलगा म्हणून मीच सही करून ती ताब्यात घेतली. ऑफिसला आजारपणाची चिठ्ठी दिली, बस पकडून सुरत गाठली आणि भावाला अग्नी दिला. आईला काहीच कळवलं नाही. ती जरा सावरली की सांगू, असं ठरवलं. परत आल्यावर कामावर त्या पट्टीकडे बघवेना आणि फेकवेनाही. मग मी एक केलं. पट्टीवर पडलेलं भोक बुजवता येत नाही, त्यामुळे चूक खोडायची आमची रीत अशी की पट्टी मागे घ्यायची आणि चुकलेल्या अक्षरावर पाचच्या पाच भोकं पाडायची. यंत्र मग त्या जागेवर काही न छापता पुढे सरकतं. मी पट्टी त्या शब्दापाशी मागे घेतली आणि सात वेळा ती कळ दाबली.

दोन महिन्यांनी आई धुळ्याला राहायला आली. तिला म्हणालो, त्यानं कारखाना बदललाय, सुरतेकडेच आहे कुठेतरी. बायको म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. मग संक्रांत होऊ दे. आई बरी झाली, जेवू लागली, अंगावर मांस आलं आणि आता तर सांगायचं धाडसच संपलं. सगळ्यांत वाईट दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. वैशाखाचं ऊन, वर गेलेल्याला वर्षाचं पाणी मिळायचं ते त्या दिवशी. आमच्या घरात एकच घागर असायची, वडिलांची. मी ती भरायचो, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचो, नमस्कार करायचो आणि दुसरी घागर नाही हे मला एकट्याला दिसायचं.

ती खोडलेली पट्टी मी तारघरातल्या इतर रद्दी पट्ट्यांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात टाकून घरी आणली होती. चारचौघांत मिसळली की कोणाच्या डोळ्यावर येत नाही, असा माझा हिशेब. माझ्याच घरात मी भोकं वाचणारं माणूस तयार करीन हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! मार्च संपता संपता मुलीची परीक्षा झाली आणि सरावाला पट्ट्या हव्यात म्हणून तिनं माळ्यावरचा डबा काढला.

मी कामावरून आलो तर दोघी आजी-नात चटईवर बसल्या होत्या. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. यंत्र गप्प होतं.

"आबा, ही तार आजीची आहे," मुलगी म्हणाली. "आजीच्या नावावर, गावाच्या पत्त्यावर. तुमचा मुलगा, मग खोडलेलं, मग काल, मग सुरतेला या. मधली सात अक्षरं कोणीतरी खोडलीत." ती धापा टाकत बोलत होती. "मी सातच अक्षरांचे शब्द शोधले. ARRIVED बसतो. पण पोचला असता तर तार कशाला? मग MARRIED. तुमच्या मुलाचं काल लग्न झालं, सुरतेला या!"

मी आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वडील गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"परजातनी व्हई नवरी," ती मला समजावत म्हणाली. "म्हनीसन तू दपाडं. राग उना तुले. माले माहीत शे तुना सभाव." दपाडं म्हणजे लपवलंस. माझ्या गुन्ह्याला तिनं स्वतःच कारण शोधलं होतं आणि वर क्षमाही करून टाकली होती. "आते राग सोड. लाजीसन येत नही तो. आखाजीले दोन्ही जनसले लई ये." दोघांना घेऊन ये म्हणे.

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तोंड धुवायला मोरीत गेलो आणि बराच वेळ पाणी सोडून उभा राहिलो.

दोन दिवस घरात लगीनघाई. आईनं पेटीतून हिरवं लुगडं काढून उन्हाला घातलं, न बघितलेल्या सुनेसाठी. बांगड्यांच्या मापाची चर्चा झाली. सुनेचं माहेर दूर गुजरातेत असेल तर आखाजीचा झोका तिला आपल्याच दारच्या लिंबावर बांधायचा, असं ठरलं. आई दोन भाकरी जास्त खात होती. बायको माझ्याशी बोलत नव्हती. यंत्र सुरू झालं की आई आता उठून नुसतं दार उघडायची नाही, पदर सारखा करून उघडायची.

तिसऱ्या दिवशी मी मुलीची वही हातात घेतली, बत्तीस तऱ्हांची तिची कोष्टकं बघावीत म्हणून. शेवटच्या पानावर तिनं शब्द जुळवले होते. ARRIVED, त्याखाली MARRIED. त्याखाली तिसरा शब्द होता. त्याच्या एकेका अक्षरावर पेननं पाच-पाच जाड ठिपके दिले होते. पान उजेडाकडे धरलं तर ठिपक्यांखाली E दिसत होता, मग X.

मी तिला ओट्यावर बोलावलं. वही पुढे केली.

"तुला माहीत होतं?"

"औषधाच्या बाटलीवर असतो तो शब्द. बाईंना विचारला अर्थ."

"मग आजीला का नाही सांगितलंस?"

"ती जेवते आता," मुलगी म्हणाली. मग जरा चिडून, "तुम्हीच तर शिकवलं. खोडायचं असेल तर सगळी भोकं पाडायची."

बारा वर्षांची पोर. मी तिला यंत्र शिकवायला बसलो होतो आणि तिनं माझ्याकडून जे शिकायचं ते बरोबर शिकून घेतलं होतं. मला रडू आलं ते भावासाठी नव्हतं, हे कबूल करतो. आता मी गप्प राहिलो असतो तर ही मुलगी जन्मभर आजीसमोर तो शब्द तोंडात धरून बसली असती. मी पाच वर्षं बसलो तशी.

मी आत गेलो. आई हिरव्या लुगड्याची घडी घालत होती. मी समोर बसलो. मागोमाग मुलगीही येऊन दारात उभी राहिली. आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. घडी घालणारे हात थांबले.

"काय व्हयनं? तो शे ना?"

मी लुगड्याचं सुटलेलं टोक तिच्याकडे सरकवलं.

"शे का नही?"

एवढा साधा प्रश्न मला पाच वर्षांत कोणी विचारला नव्हता. की तिनं रोज विचारला होता, दाराशी जाऊन?

"नही, माय," मी म्हणालो.

ती रडली नाही. लुगड्याची अर्धी राहिलेली घडी तिनं पूर्ण केली, कडा जुळवल्या, वर हात फिरवला. मग विचारलं, "कितला वरीस झायात?"

"पाच."

तिनं बोटं दुमडली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एकेक. तिची बोटं संपली तिथं ती थांबली.

"पाच आखाज्या मना आंडोर पान्याबिगर राह्यना," ती म्हणाली. "तुना गळाखाले पानी कसं उतरनं रे?"

उतरलं होतं. दरवर्षी, आमरसासकट.

पुढचे दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सुतक धरलं, आंघोळ केली, हिरवं लुगडं पेटीत परत गेलं. शेजारच्या बायका भेटायला आल्या तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, आमच्याकडे तार उशिरा आली. माझं नाव तिनं कोणाजवळ घेतलं नाही. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती स्वतः कुंभाराकडे गेली आणि दोन घागरी घेऊन आली, एक मोठी आणि एक जरा लहान. सकाळी दोन्ही पाटावर मांडल्या. गळ्याला सूत गुंडाळायचं असतं. वडिलांच्या घागरीला तिनं सूत गुंडाळलं. दुसरीला गुंडाळायला देव्हाऱ्यातली ती हळद लागलेली पट्टी काढली. मुलीनं हळूच विचारलं, "आजी, शेवटचा 'शे' खोडून देऊ?"

"राहू दे," आई म्हणाली.

मी वडिलांची घागर भरली. मग कळशी घेऊन दुसरीकडे वळलो तर आईनं माझं मनगट धरलं.

"तुना हातनं नही. पोर भरी."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी कळशी तिच्या हातात दिली. ती पाणी ओतू लागली, जपून, बारीक धारेनं, शाळेतल्या त्या कॉम्प्युटरजवळ बसवल्यासारखी. आई म्हणाली, "भर वं बाई, काठोकाठ भर." पाणी काठाला आलं, पट्टी भिजली, हळदीचा ओघळ पाटावर उतरला. मी बाजूला उभा होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी पुन्हा यंत्रावर बसायला लागली. मी तिला अडवलं नाही, उलट कॉम्प्युटर बेरीज कशी करतो ते दाखवायचं राहिलं होतं. एका दुपारी तिनं पट्टी लावली. खट, खट, खट. पलीकडे आई शेवया वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही, एकेक शेवई सुटी करत राहिली. मी मात्र उठलो. दारापर्यंत गेलो, कडी काढली, दार उघडलं. ओट्यावर ऊन पडलं होतं.

"कोण आलंय, आबा?" मुलीनं आतून विचारलं.

मी दार लावून घेतलं.